आमची गाडी आज कवठे महांकाळला गेली

मंडळी, आज पलूसला आमची जुनी छोटी गाडी विकली.

या गाडीची मला लय लाज वाटायची. पप्पा कॉलेजला सोडायला आले की मी अलीकडच्या चौकातच उतरायचे.

सकाळी कवठे महांकाळचे एक मेंढपाळ दादा म्हाताऱ्या आईला घेऊन गाडी बघायला आले. पप्पा रिटायर फौजी, खोटं बोलणं जमत नाही. त्यांनी सांगूनच टाकलं, "पावसात गळती, चढाला धापा टाकती, एसी तर न्हाईच."

दादा आईला म्हणाले, "चल, दुसरी बघू."

तेव्हा मीच मध्ये पडले. "आवं दादा, माझ्या आईचं ऑपरेशन झालं तवा महिनाभर हीच रोज सांगलीला गेली. एकदाबी रस्त्यात थांबली न्हाई."

म्हातारीनं विचारलं, "आता बरी हाय का तुजी आई?"

"हाय की. आत च्या करतीया."

"मग हीच घे रं," ती मुलाला म्हणाली.

चावी देताना पप्पा एवढंच बोलले, "सकाळी जरा गरम हू द्या तिला, मग गिअर टाका. वय झालंय."

गाडी वळणाआड गेली तरी आम्ही दोघं फाटकातच उभे होतो.

तुमच्या घरची पहिली गाडी आता कुणाच्या दारात असेल, माहीत आहे का?