बटाट्याचा पाट

मुलीला बघायला आलेल्या मुलाची आत्या पाटावर टेकली आणि किंचाळून उठली. बस्कराखाली खिळे होते.

संधिवाताने माझ्या डाव्या हाताची बोटं आखडली होती. मंडईतून आणलेला बटाटा चिरताना निसटून मोरीत जायचा. म्हणून ह्यांनी एका पाटाला खालून तीन खिळे ठोकले. वर आलेल्या टोकांवर बटाटा खोचायचा आणि एका हाताने चिरायचा. एरवी कुणाला टोचू नयेत म्हणून मी त्यावर जाड बस्कर घालून ठेवायची. त्या दिवशी पाट कमी पडले, तेव्हा मुलीने तो बस्करासकट उचलून आत्याबाईंना मांडला.

"अहो, तो बटाट्यासाठी आहे," हे घाईने म्हणाले.

"मग मी काय बटाटा दिसते?"

ह्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. उत्तर यायच्या आत मी उजव्या हाताने चिमटा काढला.

"चल रे, ऊठ," आत्याबाई भाच्याला म्हणाल्या. मुलीचं तोंड उतरलं. स्थळ गेलं, असं मीही धरलं.

भाचा उठला नाही. हसून हसून त्याच्या नाकातून चहा आला. "तू हो पुढे, आत्या. माझे पोहे राहिलेत." मग मुलगीही हसली.

लग्न झालं. तेव्हा त्या खोलीत असलेल्यांपैकी आज मी, मुलगी आणि जावई एवढेच आहोत.