सुधाकरचा रंगीत डबा

ऑफिसात केलेलं काम सगळं विसरलो बाप्पा, पण जिथं जिथं जळलो ते एक-एक लक्षात आहे! आता कोणी नुसतं ‘कम्प्युटर’ म्हटलं तरी एकामागून एक आठवत जाते. बायको म्हणते, “झालं तुमचं सुरू!” पण हे साठलेलं कुठं ठेवायचं?

तर आमची पांढुर्ण्याची संत्र्याची पेढी. साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. मालक भाऊसाहेब, अन् कारकून दोन. एक पांढुर्ण्याचाच सुधाकर. दुसरा मी, मनोहर, सौंसरहून रोज बसनं अप-डाऊन करणारा.

भाऊसाहेबांनी नागपूरहून दोन कम्प्युटर आणले. मशीन सारख्याच, मॉनिटर वेगळे. एक रंगीत. दुसरा एकरंगी, काळ्या काचेवर चुलीतल्या निखाऱ्यासारखी अक्षरं.

“उद्या जो अगोदर येईल त्यानं आपला निवडून घ्यावा,” भाऊसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नेमका शनिवार! मी पहिल्या बसनं निघालो. जामसांवली आली अन् ड्रायव्हर-कंडक्टरसकट सगळी गाडी मारुतीच्या दर्शनाला उतरली. शनिवारचं ते ठरलेलंच. मी एकटा गाडीत बसून घड्याळ पाहत शिव्या देऊन राहिलो होतो. ड्रायव्हरले, मारुतीले नाही!

पोचलो तर सुधाकर रंगीत मॉनिटर फडक्यानं पुसून राहिला होता. नवाकोरा डबा, त्यात पुसायचं काय?

“ये बे मनोहर,” तो म्हणाला, “तुह्यासाठी चांगलावाला ठेवला!”

रंगीत डबा समोरच्या खोलीत लागला, माल घ्यायले आलेल्या बाहेरगावच्या पार्ट्या बसत तिथं. मी अन् माझा डबा मागं, संत्र्याच्या पेट्यांजवळ.

*

दसऱ्याले मशीनची पूजा झाली. वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या मिसेस, ताट घेऊन आल्या. रंगीत डब्याले हळद-कुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. मी मागं माझा डबा पुसून तयार! पंधरा मिनिटांनी वहिनी आल्या.

“अगंबाई, इथंबी एक हाये का?” म्हणाल्या. हार संपला होता. सुधाकरच्या हारातून गळलेलं एक फूल उचलून त्यांनी माझ्या डब्यावर ठेवलं.

ते फूल मी लगेच काढून टाकलं. राग फुलावर नव्हता, पण काढलं!

*

जेवणाच्या सुट्टीत सुधाकर विमानांचा गेम खेळे. बाजूच्या कापूस बाजारातले लोक पाहायले येत. कोणी शेंगदाणे आणी, कोणी पान. “मार सुधाकरभाऊ, मार!” असा आरडाओरडा! मी मागं जेवणाचा डबा उघडून एकटा भाकर खात बसे.

एक दिवस तोच गेम मी माझ्या मशीनवर टाकला. चालला! चार-पाच विमानं धडाधड पाडली. मागून सुधाकर वाकून पाहत होता.

“मनोहर,” तो म्हणाला, “तू आपलेच पाडून राहिला बे!”

एकाच रंगात आपलं कोणतं अन् दुश्मनाचं कोणतं, कसं कळावं?

*

आता खरं सांगतो. कामाले माझाच डबा चांगला होता. रंगीतवर अक्षरं जाडी, फुगलेली. संध्याकाळपर्यंत सुधाकरच्या डोळ्यातून पाणी वाहे. त्याच्या बायकोनं एकदा मलेच विचारलं, “भाऊजी, ऑफिसात काही झालं का? हे घरी रडत येते.”

मले मनातून लय बरं वाटलं. पण भाऊसाहेबांच्याही ते लक्षात आलं.

“मनोहर,” ते म्हणाले, “सुधाकरच्या मालाच्या याद्या आजपासून तूच टाईप करत जा. तुह्या डब्यावर अक्षर चांगलं दिसते.”

म्हणजे काम दोघांचं मी करायचं अन् शेंगदाणे त्यानं खायचे! अंगाचा तिळपापड झाला. मले तो रंगीत डबा पाहिजे होता अन् समोरची खोलीही पाहिजे होती.

*

मग दिल्लीची मोठी पार्टी यायची होती. भाऊसाहेबांच्या डोक्यात आलं, पार्टी बसली की स्क्रीनवर मोठं संत्रं दिसलं पाहिजे. नागपूरच्या इंजिनीयरनं चित्र तयार केलं. दोन्ही डबे शेजारी ठेवले. भाऊसाहेब अस्सल व्यापारी, बाजूले बगीच्यातलं खरं संत्रंही ठेवलं, रंग मिळवायले!

रंगीत सुरू झाला. संत्रं आलं राणी कलरचं!

“हे काय? कांदा काढला का?” भाऊसाहेब ओरडले.

“साहेब, चित्रात चारच रंग येते,” इंजिनीयर म्हणाला. “नारिंगी त्यात नाही.”

“रंगीत म्हणून घेतला अन् संत्र्याचाच रंग नाही?”

मग माझा डबा सुरू झाला. काय सांगू! गोल, निखाऱ्यासारखं, हुबेहूब आमच्या बगीच्यातलं संत्रं! भाऊसाहेबांनी खरं संत्रं काचेला लावून पाहिलं. तीनदा पाहिलं.

“हाच समोर लागंल!”

माझी छाती फुगली. मी टेबलावरचे कागद, पेन, पाण्याचा गिलास, सगळं गोळा केलं अन् समोरच्या खोलीकडे निघालो.

“तू कुठं चालला?” भाऊसाहेब म्हणाले. “डबा समोर लागंल. पार्टीसंग बोलायले सुधाकरच बसंल. तू तो रंगीत घे अन् जा मांगं!”

पार्टी आली. समोरच्या खोलीतून ‘वाह, वाह’ ऐकू येत होतं. मी मागं पेट्यांजवळ रंगीत डब्यावर विमानांचा गेम लावला. आपली विमानं निळी, दुश्मनाची राणी कलरची, साफ दिसत होती. पाहायले कोणी नव्हतं. गेम बंद केला. दोघांच्या याद्या टाईप करायच्या होत्या, अन् अक्षरं जाडी दिसत होती.

*

पुढच्या शनिवारी जामसांवलीत बस थांबली. यावेळी सगळ्यांच्या अगोदर मी उतरलो. नारळ घेतला, रांगेत लागलो. समोर पाहतो तर पांढुर्ण्याकडून आलेला सुधाकर, हातात नारळ!

“तू इथं कायले?” मी विचारलं.

“असंच. गेम खेळायले भेटत नाही आता, तुह्या डब्यावर आपलं विमानच ओळखू येत नाही,” तो म्हणाला. “तुह्ये डोळे कायले लाल आहेत?”

“धूळ गेली.”

दोघांनी नारळ फोडले. दोघांनी डोळे मिटून हात जोडले. मी एक डोळा उघडून पाहिलं, तर त्याचाही एक उघडाच होता.

“काय मागितलं बे?” त्यानं विचारलं.

“तू सांग अगोदर.”

तिकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता.