तरण्यांनी रोग्यापाशी थांबावं

यमुनावहिनीचा मी गुन्हेगार आहे. गुन्हा घडला मानमोडीच्या, म्हणजे १९१८च्या तापाच्या साली, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कुहीच्या आमच्या घराच्या दारात. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — माधवदादाला, माझ्या सख्ख्या भावाला, तिच्या नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या भाषणांना टाळ्या वाजवल्या आहेत.

मरण आधी कुणाला गाठतं, हे आपल्याकडे शिकवावं लागतं का? तान्हं मूल गेलं तर पुरून येतो, फार रडतही नाही. मूल चालू-बोलू लागलं की निर्धास्त. मग केस पिकेपर्यंत कुणी मरणाचं नाव काढत नाही. प्लेगात गाव सोडून शेतातल्या झोपड्यांत जायचो, तेव्हाही रीत हीच — म्हातारे आणि तान्ही आधी बाहेर, आजाऱ्यापाशी तरणे. मानमोडीचा ताप आला तेव्हा मी तीच रीत पत्रकात छापली. नागपूरभर वाटली.

ती या तापाला लागू नव्हती. आणि — हे लिहायलाच हवं — मला ते कळलं होतं. नागपूरच्या घाटावर मी स्वयंसेवक म्हणून चितेची लाकडं वाहत होतो. तिरड्यांवर कोण होतं? माझ्या वयाचे. तालमीतले गडी, हिरव्या चुड्यातल्या बाया. अग्नी द्यायला म्हातारे बाप. मी पाहिलं, घाबरलो, आणि खेड्यात पत्रकं वाटतो असं सोबत्यांना सांगून कुहीला पळालो.

घरी दादा तापाने फणफणलेला. आजोबा आणि वहिनीची रांगती पोर शेतातल्या झोपडीत जाणार होते. त्यांच्यासोबत एकाने जायचं, दादापाशी एकाने थांबायचं. तरणे दोघंच — वहिनी आणि मी.

"भाऊजी, तुमी थांबता का? पोरगी अंगावर पिते माही."

"मले पत्रकं वाटाची आहेत. अन् तरण्या माणसाले काही होत नाही, वहिनी."

"मंग तुमी काहून भेता? म्हातारे झाले का?" ती हसली. पोर माझ्या हातात दिली. "जा. पत्रकाले ताप नाही येत."

एकच वाक्य बोलायचं होतं — तरणेच मरताहेत. बोललो असतो तर मलाच थांबावं लागलं असतं. म्हणून बोललो नाही.

दादा वाचला. वहिनी आठवड्याच्या आत गेली. आजोबा अजून सुपारी कातरतात. पोर बकरीच्या दुधावर वाढली, मला काका म्हणते. कुहीला नेलेली पत्रकं? एकही वाटलं नाही. झोपडीत चूल पेटवायला लागली ती.

मग नवं पत्रक छापलं. त्यात वहिनी 'स्वेच्छेने मरण पत्करणारी साध्वी'. स्वेच्छेने — हा शब्द माझा. त्यावर मी पुढारी झालो, तुम्ही हार घातले. घरात तरणा दीर होता ना, तो कुठे होता, हे तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. बाई मेली की तिची देवी करायची, म्हणजे पुढचं काही विचारावं लागत नाही — हे तुम्हालाही सोयीचंच होतं.

पुढच्या सभेत मी 'तरुणांनो, पुढे व्हा' म्हणालो, तर टाळी वाजवू नका. उभे राहा आणि सगळ्यांदेखत विचारा — यमुना आत होती, तेव्हा तू कुठे होतास?