पऱ्हाटीत घरं, तुरीत दुकानं

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांइतका हट्टी आणि त्यांच्याइतका पडतं घेणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि कमाल म्हणजे हे दोन्ही ते एकाच वेळी असायचे. गाव त्यांना आबाजी म्हणायचं. कोणी कुठे बसावं, कोणाशेजारी कोण असावं, याची त्यांना जन्मजात काळजी. नणंदेच्या लग्नात नवऱ्यामुलाचा बाप म्हणून गादीवर बसायचं सोडून हे भरल्या पंगतीत शिरले आणि अर्ध्या लोकांना ताटांसकट उठवलं. भराभर जेवणारे एका टोकाला, दात नसलेले दुसऱ्या टोकाला. "बुंदी वाढणाऱ्याचा जीव जाऊन राहिला पळून पळून, तुमाले दिसत नाई काय?" माझ्या सासूबाईंनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. पोरगी कोणत्या घरात दिली म्हणून दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

पुढे कापसानं आमच्या भागाला अगदी रडकुंडीला आणलं, त्या वर्षांत अकोला-अमरावती रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरावावरांतून कमानी उभ्या राहू लागल्या. कमानीवर कुठल्यातरी परदेशी शहराचं नाव, आत चार रंगीत झेंडे आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. आबाजींनीही शेवटी गावाला लागून असलेलं वावर लेआउटला काढलं. "पिकत नाई म्हणून विकून राहिलो, पण विकाचं तेबी पेरूनच," असं म्हणाले आणि त्यांनी खरंच लेआउट पेरलं! घरांच्या जागी पऱ्हाटी, दुकानांच्या जागी तूर, मोकळ्या मैदानासाठी मूग, आणि रस्ते तेवढे कोरे सोडलेले. नकाशा पाहायला आलेल्या माणसाला ते राखणीच्या मचाणावर चढवायचे आणि वरून बोट दाखवायचे. गावातले लोक एकमेकांना सरळ विचारत, "तुमचं घर मुगाच्या अल्याड की पल्याड?"

प्लॉट घ्यायला आलेल्याला ते पैशाचं मागाहून विचारत. पहाटे उठता की उशिरा, म्हैस आहे का, बायको पापड वाळत घालते का, ही चौकशी आधी. फुलांचा धंदा करणाऱ्या माळीणबाईंना त्यांनी विहिरीजवळ बसवलं. गाद्या पिंजणारे चाचा एकदा भांडायलाच आले. "आबाजी, मेरा घर कल तक तूर में था, आज कपास में कैसे आ गया?" आबाजी म्हणाले, "मशीद तिकून जवळ पडते चाचा. अन् इकडं पापडवाले हायेत, तुमची रुई त्यायच्या पापडावर बसंन." चाचांनी थोडा विचार केला आणि चहा मागितला.

सरकारी मंजुरीसाठी आबाजी अमरावतीला नगररचनेच्या कचेरीत खेटे घालत होते, तेव्हा इकडे घोटाळा झाला. निंदणाला आलेल्या बायांनी कोऱ्या पट्ट्या पाहिल्या. पेरताना पाभरीचं चाडं तुंबलं असणार, बिचाऱ्या म्हाताऱ्याचं बी पडलंच नाही, असं त्यांना वाटलं. पदरचं बी आणून त्यांनी मधल्या रस्त्यावर नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरून टाकले. आबाजींना कळलं तोवर रस्त्यावर टवटवीत पऱ्हाटी डोलत होती. दुसरा कोणी असता तर बायांना शिव्या घालून वखर फिरवला असता. यांनी बायांना चहा पाजला आणि रस्ता वळवला. पाहणीला आलेले साहेब मचाणावरून ओरडले, "अहो, हा रस्ता असा वाकडा का?"

"साहेब, उगवलेलं उपटाचं कसं?"

साहेब पुण्याकडचे. त्यांनी समजावलं की आधी विभाग ठरवायचे आणि मग माणसं येतात. आबाजी म्हणाले, "माणसं पाह्यल्याबिगर इभाग कसे पाडता? वावर पाह्यल्याबिगर कोणी पेरते काय?" रस्ता वळल्यामुळे एक तिकोनी तुकडा उरला होता, तो ना पऱ्हाटीत ना तुरीत. तो कशासाठी, असं साहेबांनी विचारलं. "ज्याले कुठंच जागा नाई, त्याच्यासाठी." साहेब हसले. कागदी नकाशा नव्याने मागवला खरा, पण त्या तुकड्यावर घरही चालेल आणि छोटा उद्योगही, अशी मुभा त्यांनी ठेवली.

ज्यांना कुठेच जागा नव्हती ते आम्ही होतो. जिनिंग बंद पडल्यावर आमचे हे घरी बसले, आणि मी मिरची कांडपाचं यंत्र घेतलं. बाजारातल्या भाड्याच्या खोलीत ते सुरू केलं की वरचा मजला खोकायचा, आणि खालचा आम्हाला शिव्या द्यायचा. घरमालकानं उन्हाळ्याच्या तोंडावर खोली सोडायला सांगितली. तिखटाचा सगळा धंदा उन्हाळ्यातला. तो गेला की वर्ष गेलं. सगळ्या लेआउटवाल्यांचं एकच उत्तर होतं, फक्त राहायला जागा, यंत्र चालणार नाही. मी आबाजींकडे गेले आणि बोलता बोलता रडले. तोवर त्या वळणावरच्या तुकड्याला एक ढाबेवाला भरपूर पैसे द्यायला तयार होता, हे मला नणंदेनं नंतर सांगितलं.

आबाजींनी सांत्वन वगैरे केलं नाही. भर दुपारी मला त्या तुकड्यावर उभं केलं, पेटत्या गवरीवर मूठभर मिरच्या टाकायला लावल्या, आणि स्वतः धोतर सावरत एकेका प्लॉटवर जाऊन बसले. चाचांच्या जागेवर काही नाही. माळीणबाईंच्या जागेवर काही नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात बसले मात्र, आणि अशी काही शिंक आली की विहिरीवरची कबुतरं उडाली. डोळे पुसत ते ओरडले, "सापडलं! सारा धूर इथंच येते. हा प्लॉट कोणाले द्याचा नाई!"

वळणावरचा तुकडा आम्हाला दिला, आणि पूर्वेचा प्लॉट कोणाला दिला नाहीच. पण रिकामाही ठेवला नाही. त्यावर त्यांनी स्वतःचं घर बांधलं. मी हात जोडून नको म्हटलं, नणंद माझ्यावर रुसली, तिचा नवरा बापावर चिडला. "मी म्हातारा माणूस. नाक मोकळं राह्यते," एवढंच त्यांचं म्हणणं. वस्ती भरल्यावर नव्यानं आलेल्या काही लोकांनी बैठक बोलावली, यंत्र बंद करा म्हणून. आबाजी काठी टेकत उठले. "धूर कोणाच्या घरात जाते? माह्या. शिंकतो कोण? मी. मंग तुमी काहून खोकून राहिले?" बैठक तिथंच संपली. त्या यंत्रावर माझी दोन्ही पोरं शिकली, आमच्या डोक्यावर छप्पर आलं. एवढं मोठं देणं देऊनही तो माणूस कधी उपकाराचं बोलला नाही, आणि मलाही त्यांच्यापुढे ते नीट बोलता आलं नाही.

दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात यंत्र सुरू करायला माझा हात धजेना. मी आबाजींच्या त्या घरी नणंदेकडे गेले आणि म्हटलं, "खिडकी लावून घे गं. मी सुरू करून राहिली." ती स्वयंपाकघरातून आली, तिने खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली आणि तिथं आबाजींची खुर्ची असायची त्याच जागी खाली बसली.

"करा सुरू वहिनी," ती म्हणाली. "मामाजी नाई तर काय झालं, मी हाये ना शिंकाले."