विचारलं तर शेती सांगायची

कृष्णाबाईला सापाची भीती कधी वाटली नाही, विजेची नाही, अमावस्येचीही नाही. खाडीच्या बांधावर वेळी-अवेळी एकटी फिरलेली बाई ती. तिला भीती एकाच गोष्टीची. गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं माणूस अंगणात येऊन विचारायचं, "तुम्ही काय करता?" आणि तिचे हातपाय गार पडायचे.

ही भीती तिने माहेराहून आणलेली नव्हती, सासरीच मिळालेली. लग्न होऊन कामणजवळच्या या आळीत आली तेव्हा सासूने तिला चुलत सासऱ्याची हकिकत ऐकवली होती. तो कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसायचा आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायचा. एकदा कागद घेऊन कुणी साहेब आला, काय करतोस म्हणाला, आणि या गड्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मिठागरात कामाला आहे. पुढे जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या, त्यात याचं नाव नव्हतं. कारण तेच होतं की आणखी काही, देव जाणे. पण तो म्हातारा परक्या झालेल्या शेताच्या कडेला जाऊन बसायचा, हे कृष्णाबाईने स्वतः पाहिलं होतं.

तेव्हापासून आळीचा नियम, सरकारी माणसाने विचारलं तर शेती सांगायची. कृष्णाबाईचा मुलगा सुरज गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, तरी शेती. शेजारची जयवंती चिंचोटीला धबधब्यावर येणाऱ्यांना भजी विकते, तिचीही शेती. रिक्षावाले शेतकरी, पार्लरवाली शेतकरी. सरकारी हिशेबाने या आळीने सगळ्या पालघर जिल्ह्याला भात पुरवायला हवा होता. प्रत्यक्षात पावसाळ्यात दोन-चार खाचरांत भात लावला जायचा आणि बाकीच्या जमिनीत गवत माजायचं.

अलीकडे तिला दुसरी एक धास्ती लागली होती, आणि ती कुणाकडे बोलून दाखवायची सोय नव्हती. सून हातातून चालली होती.

रचना दोन वर्षांपासून घरात बसून लॅपटॉपवर काम करायची. कानाला हेडफोन आणि दार आतून लावलेलं. कुठल्याशा कंपनीचे व्हिडिओ तपासायचे, एवढंच सुरजला ठाऊक होतं. पगार वेळेवर यायचा, मग विचारायचं काय? पण आता तिला साधे बोंबील साफ करवत नव्हते. रक्त दिसलं की सुरी तशीच टाकून मागच्या दाराने बाहेर जायची. पाठीमागून हाक मारली की दचकायची, घास हातात धरून भिंतीकडे बघत राहायची. कृष्णाबाईने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, वेशीवरच्या देवाला नारळ दिला. काही उतार पडला नाही. पोरगी वेडी होईल नाहीतर एक दिवस खाडीकडे चालत जाईल, या विचाराने म्हातारी रात्री उठून मागचं दार लावलंय का बघायची.

अशात त्या दुपारी विनया आली. विरारच्या चंदनसारची मुलगी, सरकारच्या पाहणीवर नेमलेली, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब. घामाने डबडबली होती. कृष्णाबाईने पाणी दिलं आणि ती पाणी पिईपर्यंत मनात देवाचं नाव घेतलं.

"आजी, घाबरू नका," विनया म्हणाली. तिचा चेहरा बघून कुणीही हेच म्हटलं असतं. "हल्ली लोक नवीन नवीन कामं करतात. जुन्या यादीत त्या कामांना नावच नाही. म्हणून आम्ही घरोघर विचारतोय, कामात नेमकं काय करावं लागतं, त्रास काय होतो. तुमच्या घरी कोण काय करतं?"

"शेती."

"सगळेच?"

"सगलेच. आमी शेतकरी मानसं."

"सून आहे ना? इथे कुणीतरी म्हणालं, त्या कॉम्प्युटरवर काम करतात."

रचना आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. विनयाने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"

रचनाचे ओठ हलले. कृष्णाबाईने झटकन उठून तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"ती बी शेतीच करते. लावनी, कापनी, सगलं येते तिला."

विनयाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, टॅबवर काहीतरी टिपलं, आणि येते म्हणून पुढच्या घराकडे गेली. कृष्णाबाईने सुटकेचा निःश्वास टाकला. जमीन वाचली होती.

मागे वळली तर रचना जमिनीवर बसलेली. रडत नव्हती, नुसतं बांगडी रुतलेलं मनगट चोळत होती.

"आई, ती मला विचारत होती," रचना म्हणाली. "दोन वर्षं झाली, मला कुणी विचारलंच नाही."

 बाहेरचं काही लागलंय का हे कृष्णाबाईने भगतालाही विचारलं होतं. सुनेला मात्र नाही. ती तिच्यासमोर बसली आणि जन्मभर जो प्रश्न ऐकून थरकाप व्हायचा तोच तिने विचारला.

"काय करतेस गं तू?"

"लोक नेटवर जे काही टाकतात ना, त्यातलं वाईट मी आधी बघते. गळे कापलेले. जाळलेली माणसं. एखादी फास लावून घेताना. लहान पोरांचं तर..." ती थांबली. "पूर्ण बघावं लागतं. मग बटण दाबायचं, म्हणजे पुढे कुणाला दिसत नाही. एक संपलं की दुसरं. डोळे मिटले तरी चालूच राहतं, आई. घरात कसं सांगू, जेवताना सांगू?"

म्हातारीने आतल्या दाराकडे पाहिलं. भिंतीपलीकडे आपण तांदूळ निवडत बसायचो तेव्हा आत हे चालू असायचं. तिला सुनेची दया आली आणि स्वतःचा राग आला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि अनवाणीच बाहेर पडली.

विनया जयवंतीच्या ओट्यावर होती. जयवंतीचं शेती सांगून झालं होतं. कृष्णाबाई अंगणात येऊन उभी राहिली.  आपण तोंड उघडलं की जमीन गेली, असंच तिला त्या क्षणीही वाटत होतं.

"बाय, माझ्या सुनेचं लिव. ती शेती नाय करत."

जयवंतीने कपाळाला हात लावला. विनयाने टॅब पुन्हा उघडला. "मग काय करतात त्या?"

"मानसं मारलेली बघते. पोरांचे हाल बघते. दिवसभर. तुमच्या-आमच्या फोनात येऊ नये म्हनून." ती ओट्याच्या जवळ सरकली. "त्या कामाला नाव काय द्यायचं ते तुमी ठरवा. मना एवढंच सांग, ते करून मानूस शाबूत राहते का?"

विनयाने उघडा टॅब तसाच हातात धरला. तिने चपला पायात सरकवल्या आणि कृष्णाबाईच्या मागून तिच्या घराकडे निघाली.