दुसऱ्या मेघनादचा पहिला आवाज

अनसिंगात भिवाजी पडघानच्या घरी कुणी चहाला गेलं, तर चहाच्या आधी त्याची परीक्षा होते. भिवाजी कोपऱ्यातल्या मेघनादचं बटण दाबतो, आतले दिवे तांबूस होईपर्यंत थांबतो, गिटारची एक तार छेडतो आणि पाहुण्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो. "काय वाटलं?" पाहुणा भला असेल तर "छान" म्हणतो, आणि तिथेच नापास होतो. मग भिवाजी टेपरेकॉर्डरवर एक जुनी कॅसेट लावतो, त्यावरचा तोच सूर ऐकवतो आणि विचारतो, "आता?" पाहुण्याला ढिम्म कळत नाही. तो नुसता मान हलवतो. एवढ्यात भागिरथाबाई चहा घेऊन येतात.

"भाऊ, चहा प्या अन् पळा इथून. लग्नाले इतके वर्सं झाले, माह्या आवाजात काय फरक पडला ते यायले आजलोक ऐकू नाई आलं."

गावात पोरंटोरंसुद्धा भिवाजीला वाटेत अडवून विचारतात, "काका, आज भाजी पयली का दुसरी?" तो रागावत नाही. आवाजाचा विषय निघाला की माणसाला राग कसा सुचत नाही, हे भिवाजीकडे बघून शिकावं.

मेघनाद म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर. पेटीएवढा काळा डबा, आत काचेचे व्हॉल्व्ह, पुढे जाळीमागे स्पीकर. कुठल्याशा लहान कारखान्याने जुन्या काळी तो काढला आणि दोनदाच काढला. पहिला मेघनाद आणि काही वर्षांनी सुधारलेला दुसरा. बाहेरून जुळे भाऊ. भिवाजी वाशीमच्या एका कचेरीत शिपाई होता, आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याच्या नशिबात दोन्ही मेघनाद आले.

ह्या यंत्राचं काम आवाज मोठा करणं एवढंच नाही, तो फोडणंही आहे. साधी, गोड तार त्यातून गेली की ती चरचरीत, गुरगुरती होऊन बाहेर पडते. आता फुटण्यातही प्रकार असतात. पहिल्या मेघनादवर तार जोरात मारली की आवाज आधी दबायचा, दम खायचा, आणि मग चुलीवरच्या दुधासारखा वर चढायचा. दुसरा लगेच तोंडावर येतो. घट्ट, धारदार, पाट्यावर सुरी घासावी तसा. फुटतो तोही शिस्तीत. ज्याला हा फरक कळतो त्याची झोप उडते, आणि ज्याला कळत नाही तो सुखी असतो. गावात सुखी माणसं भरपूर, हे आपलं भाग्य.

पण पहिल्या मेघनादचं नाव भागिरथाबाईंसमोर काढायची सोय नाही. जऊळक्याला एका लग्नात तो वाजत होता. भिवाजीचा ऑर्केस्ट्रातला जोडीदार रामधन गिटार गळ्यात अडकवून गात होता. तिथे हजर असलेले सगळे सांगतात की त्या दिवशी पहिला मेघनाद जसा वाजला तसा आधी कधी वाजला नव्हता. लोक जेवण सोडून बघायला आले. रामधन पुढची ओळ घ्यायला माइककडे वाकला, त्याचे ओठ माइकला लागले आणि डावा हात तारांवर आवळला तो सुटेचना. कुणीतरी वायर उपटली तेव्हा तो खाली पडला. जीव वाचला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र त्यानंतर वाकली नाहीत. आता तो जऊळक्यालाच स्टेशनसमोर चहा विकतो, आणि गिटारचा विषय निघाला की ग्लास विसळायला वळतो.

सगळ्यांनी पहिल्या मेघनादला दोषी ठरवलं. त्याला दोनच पिनांचा प्लग होता, अर्थिंगची पिन नव्हती. भागिरथाबाईंनी घरी येताच विळ्याने त्याची वायर मुळापासून कापली आणि डबा धान्याच्या पोत्यांखाली ढकलला. "माह्या घरात ह्या मढ्याले पुन्हा कोणी उभं करन, तर पयले माह्यावर वायर टाकाव," असं त्यांनी बजावलं. भिवाजीने मान खाली घातली. काही महिन्यांनी त्याने दुसरा मेघनाद आणला: तीन पिना, अर्थिंगसकट, एकदम सुरक्षित. आणि त्या दिवसापासून तो दुसऱ्यातून पहिल्याचा आवाज काढायच्या मागे लागला.

व्हॉल्व्ह बदलले. स्पीकर बदलला. डबा भिंतीपासून पुढे ओढला, खाटेखाली घातला, पाठीला गोणपाट बांधलं. दर वेळी पहिल्या मेघनादच्या आवाजाची कॅसेट लावायची, मग मेघनाद लावायचा, मग पुन्हा कॅसेट. नोकरीतून तो निवृत्त झाला, ऑर्केस्ट्रा मोडला, केस पांढरे झाले, आणि सुरी पाट्यावर घासतच राहिली.

लेक धम्मदीपा ह्या घासण्यातच वाढली. आता ती वाशीमला शाळेत शिकवते, आणि खरं सांगायचं तर बापापेक्षा सरस वाजवते. हे मी भिवाजीच्या तोंडावर बोललेलो आहे, त्याने मला त्यानंतर आठवडाभर चहा पाजला नाही.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला अनसिंगच्या विहारासमोर कार्यक्रम ठरला. संध्याकाळी वंदना, मग धम्मदीपाचं गाणं, मग खीर. गाणं तिचं स्वतःचं. आधी ती सगळी चाल दोनदा नुसत्या गिटारवर वाजवणार आणि मग माइकजवळ जाऊन गाणार, असं ठरलेलं. दुपारीच दुसरा मेघनाद ऑटोतून विहाराजवळ आणला गेला. त्याच्याबरोबर भागिरथाबाई स्वतः आल्या आणि मंडपाची वीज बघणाऱ्या लखीरामला त्यांनी गाठलं.

"लखीराम, पोरगी गिटार घेऊन माइकवर गाणार हाय. अर्थिंग हाय न?"

"हाय न काकू! पक्की केली. सोताच्या हातानं सळई ठोकली."

"पाय बरं. जऊळक्याचं इसरू नको."

"अवो काकू, तुमी खीर पाहा. वीज मी पायतो."

लखीरामने सळई ठोकली होती हे खरं. पण आपल्याकडे सळई दोन कामांना ठोकतात. खांबावरून वीज आणायला दोन तारा लागतात. एक आणायची, एक परत न्यायची. मंडपवाले एकच आणतात आणि दुसरीच्या जागी जमिनीत सळई ठोकून वीज मातीत सोडतात. सळईवर पाणी ओतत राहिलं की माती ओली राहते, दिवे लखलखतात. माती सुकली की दिवे मंदावतात, आणि वाट न मिळालेली वीज सळईला बांधलेल्या लोखंडात तुंबते. लखीरामने मेघनादची अर्थिंगची तारही त्याच सळईला बांधली, आणि गिटारच्या तारा आतून त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. एकच सळई, दोन्ही कामं. त्याच्या हिशोबी काटकसर. पाण्यासाठी त्याने शेजारी ड्रम ठेवला होता, त्याच्या तोटीतून थेंब थेंब सळईवर पडत होता.

माइक आणि भोंगे मात्र गोविंदसिंगचे. तो स्वतःचं जनरेटर घेऊन फिरतो आणि त्याची सळई विहारामागच्या ओल्या नालीत असते. म्हणजे मंचावर दोन विजा होत्या. एक धम्मदीपाच्या बोटांखाली, एक तिच्या तोंडासमोर. दोघींची एकमेकींशी ओळख नव्हती. ओळख करून द्यायला मध्ये एक माणूस पुरेसा होता.

वंदना झाली. मे महिन्याची माती अजून तापलेली. खिरीच्या चुलीवरून हिरीबाई नावाची सुगरण ओरडली, "अवं, पातेले धुवायले पानी नाई!" दोघी बाया उठल्या, सळईजवळचा भरलेला ड्रम त्यांना दिसला, आणि त्यांनी तो रिकामा केला. ह्यात कुणाचं काय चुकलं? खिरीला धुतलेली पातेली लागतात. लखीराम तेव्हा गोविंदसिंगशी जनरेटरच्या धुरावरून वाद घालत होता.

धम्मदीपा कोरड्या लाकडी मंचावर आली. मूर्तीसमोर अनवाणी. तिने खालच्या तिसऱ्या रांगेत बसलेल्या बापाकडे पाहून हसून मान हलवली आणि चाल सुरू केली.

पहिल्या फेरीच्या मध्यावर मंडपातले दिवे थोडे पिवळे झाले. पंखे जड फिरायला लागले. "आली बे लो व्होल्टेज," मागे कुणीतरी म्हणालं आणि हातातल्या पत्रिकेने वारा घ्यायला लागलं. ह्याची आपल्याला सवय आहे.

आणि मेघनाद बदलला.

मी भिवाजीच्या शेजारीच बसलो होतो. त्याची परीक्षा मी कधी पास झालो नाही, पण त्या संध्याकाळी मलासुद्धा ऐकू आलं. सुरी थांबली. तार वाजली की आवाज दबत होता, दम खात होता, आणि मग वर चढत होता. दुसऱ्याच्या डब्यातून पहिला बोलत होता. भिवाजीने माझा गुडघा घट्ट धरला. एकदा त्याने मान वळवून त्या पिवळ्या दिव्यांकडे पाहिलं. मग त्याने माझा गुडघा सोडला. मी विचारलं, "काय झालं?" त्याने डोळे मिटले.

दुसरी फेरी सुरू झाली. दिवे आता तेलाच्या समईएवढे उरले होते. मंडपात पाचसहाशे माणूस होतं, पण लहान पोरं रडायची थांबली होती. तो आवाज पोटात शिरत होता. खिरीजवळच्या बाया पळी हातात धरून उभ्या होत्या. मी उगाचच मागे वळून पाहिलं, काहीतरी येतंय असं वाटलं म्हणून. मागे कुणी नव्हतं.

शेवटचा सूर लांबवत धम्मदीपा माइककडे निघाली. डावा हात तारांवर होता. ती वाकली.

"धम्मा! माइकले लागू नको!" भिवाजी उठून ओरडला, पण मेघनादच्या पुढे माणसाचा आवाज काय टिकतो? मग तो माणसं तुडवत मंचावर चढला, कुणाच्या तरी पाठीवर पाय देऊन, आणि डब्यामागची वायर त्याने बोर्डासकट उपटली.

सूर मधेच तुटला. लेकीचे ओठ माइकपासून दोन बोटांवर होते.

मग जो गलका झाला तो काय सांगू! "म्हातारा पगलावला!" "पोरीचं पाहवलं नाई गेलं ह्याले!" लखीराम धावत आला. भिवाजीने त्याच्या खिशातला टेस्टर काढून घेतला, बोर्ड पुन्हा जोडायला लावला आणि खाली ठेवलेल्या गिटारच्या तारेला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लालभडक पेटला. माणसं मागे सरली. लखीराम सळईकडे पळाला, तिथे रिकामा ड्रम पालथा पडला होता.

"जऊळक्यालेबी असीच सळई होती, अन् डबा तारेनं तिलेच बांधला होता," भिवाजी म्हणाला. "तवाबी दिवे असेच झाले होते. डबा खराब नव्हता. वीज कमी झाली की डबा गोड वाजते. पयला असो का दुसरा."

भागिरथाबाई लेकीला छातीशी धरून उभ्या होत्या. लोकांनी भिवाजीला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. सगळे म्हणायला लागले, काय कान आहे माणसाचा, कानाने लेक वाचवली. खीर वाटली गेली, मीही दोन वाट्या खाल्ल्या. एकटी धम्मदीपा खात नव्हती. ती बापासमोर येऊन बसली.

"बाबा, तुमाले केव्हा समजलं?"

"समजलं तसा उठलो न, बेटा."

"मी वरून पायत होती. दिवे पयल्या फेरीतच पिवळे झाले. तुमी मान वळवून पायलं. मंग डोये मिटले."

भिवाजी वाटीत बोट फिरवत राहिला.

"दुसरी पूरी फेरी वाजवली मी, बाबा."

"तू माइकजवळ गेली नव्हती तोवर."

"अन् गेली असती तर? मधेच एखादी ओळ गावीशी वाटली असती तर?"

एकदा बोललेलं खोटं रेटायला भिवाजीला येत नाही, नाही तर तेव्हा ते कामाला आलं असतं. तो म्हणाला, "पुन्हा नसता आला तो आवाज."

भागिरथाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. धम्मदीपा उठली आणि आईच्या चपला शोधायला लागली.

आता कार्यक्रम असला की लखीरामला वेगळी सळई ठोकावी लागते आणि धम्मदीपा स्वतः तिच्यावर पाणी ओतून येते. वाजवते उत्तम. बापाशी बोलते, औषधं आणून देते, जेवायला वाढते. गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो होतो. ती गिटार जुळवत होती. भिवाजी येऊन समोरच्या खुर्चीवर बसला, पाठ टेकवली. तिने तारांवर हात ठेवून त्या थांबवल्या.

"बाबा," ती म्हणाली, "डोये उघडे ठेवा. मंग वाजवते."