शिक्षकभरतीची यादी

लॅपटॉप पुसताना कडेचं वायरलेसचं बटण मीच बंद केलं आणि दोन दिवस राऊटरला शिव्या घातल्या. शेवटी माजलगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला मेकॅनिक आला. "सर, तुमी हात नका लावू," हे त्याचं नेहमीचं वाक्य. त्यानं बटण सरकवलं आणि नेट तपासायला दरवेळी उघडतो तेच पान उघडलं, शिक्षकभरतीचं. आज नवी यादी लागली होती. डी.एड. होऊन सहा वर्षं झालेला तो पडद्यावर बोट फिरवत शेवटपर्यंत आपलं नाव शोधत गेला. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाला, "चालू हाय बघा. लई फास्ट हाय."

मी खुशीत म्हणालो, "शाब्बास!"

तो गेल्यावर बायको म्हणाली, "आजचा दिवस नेट बंदच राहिलं असतं, तर काय बिघडलं असतं तुमचं?"